निळ्या टपातले चार दिवस

१

रविवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी ऑपरेटरने पत्र्याच्या ट्रंकेतून सातवी डबी उचलली. ती उघडायच्या आधीच तिच्यात काही नाही हे त्याला कळलं. बावीस वर्षं ज्याने फिल्मची रिळं, मग सीडी आणि आता डिस्क हाताळल्या, त्याच्या हाताला वजन चुकत नाही.

तो धावत माझ्याकडे आला. मी वाचनालयाच्या सभागृहाच्या दाराशी कार्यक्रमपत्रिका वाटत बसलो होतो. निवृत्त ग्रंथपालाला याहून मोठं काम कुणी देत नाही, आणि दिलं तर मला जमेलच असं नाही.

"काका, जाळेवालीची फिल्म गेली!"

जाळेवाली म्हणजे बंदरावर जाळी दुरुस्त करणारी बाई. आमच्या किनाऱ्यावर समुद्री कासवं अंडी घालतात. ती घरटी राखायचं काम ती नऊ वर्षं करत होती, आणि त्यातली तीन वर्षं संस्थेचा जुना कॅमेरा गळ्यात अडकवून चित्रण करत होती. गावाने भरवलेल्या या वन्यजीव चित्रपट महोत्सवात बाकीच्या आठ फिल्म बाहेरून आलेल्या. गावची म्हणावी अशी ही एकच. चार वाजता ती लागायची होती.

पाच मिनिटांत डॉक्टरीणबाई आल्या. त्या जनावरांच्या डॉक्टर, कासव संस्था त्यांनीच उभी केली, महोत्सव त्यांचाच आणि वाचनालयाच्या समितीच्या अध्यक्षाही त्याच. त्यांनी रिकामी डबी पाहिली, मग ऑपरेटरकडे पाहिलं.

"किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे, बाई. आणि एक ऑफिसात खिळ्याला."

"खिळ्याचं सोड. तुझ्याकडे असते ना? परवा ट्रॉलरवाला शेठ सगळ्यांदेखत ओरडला होता, ही फिल्म लागली तर बघा म्हणून. आज तू त्याच्याच खुर्च्या मोजून घेतोयस."

"खुर्च्या त्यांनी दिल्यात म्हणून मोजतोय! मी चोर आहे का, बाई?"

"ते मला ठरवायचं नाही. सहाला समारोप आहे, समिती इथेच असेल. तोपर्यंत डिस्क मिळाली नाही, तर तुझी नोकरी राखणं माझ्या हातात नाही."

सभागृहामागच्या दोन खोल्यांत ऑपरेटर, त्याची बायको आणि अंथरुणाला खिळलेली आई राहत. नोकरी गेली की खोल्या गेल्या.

बाई जाता जाता माझ्याकडे वळल्या. "काका, एक बरं झालं. निदान तुम्ही तरी ती फिल्म पूर्ण पाहिलीय. पत्रिकेत किती सुंदर लिहिलंत!"

मी मान हलवली. ती मान मी हलवायला नको होती.

२

ऑपरेटरने मला प्रोजेक्टरच्या खोलीत नेलं. "तुम्ही बघा, काका. तुमचं डोकं पुस्तकांत गेलंय, काहीतरी सुचेल."

माझं डोकं पुस्तकांत गेलं म्हणूनच बाहेर काही सुचत नाही, हे त्याला कसं सांगणार? मी ट्रंकेपाशी गुडघे टेकले.

नऊ पांढऱ्या पुठ्ठ्याच्या डब्या. प्रत्येकीच्या एका बाजूला नावाची चिठ्ठी, दुसरी बाजू कोरी. ऑपरेटरची पद्धत अशी की दाखवून झालेली डबी चिठ्ठी वर करून ठेवायची आणि दाखवायची राहिलेली कोरी बाजू वर करून. त्यामुळे सहा डब्यांची नावं दिसत होती आणि तीन कोऱ्या होत्या.

"काल शेवटचा खेळ झाल्यावर मी तिन्ही डिस्क लागतात का एवढं तपासलं," तो म्हणाला. "आज सकाळी सात ते दहा सगळं गाव किनारा साफ करायला गेलं होतं. मीही फलक बांधायला गेलो. हॉल उघडा होता, खुर्च्या यायच्या होत्या ना!"

"त्या वेळात इथे कोण येऊन गेलं?"

"माझी बायको अंगणात होती, ती सांगते तिघं. शेठ स्वतः खुर्च्या घेऊन आले. जाळेवालीचा दीर खुर्च्या वाहत होता, तो शेठच्याच ट्रॉलरवर खलाशी आहे. आणि बाई माईक न्यायला आल्या."

मी कोऱ्या डब्या खिडकीच्या उजेडात धरल्या. चाळीस वर्षं मी पुस्तकांतल्या पेन्सिलीच्या खुणा खोडरबराने पुसत आलो. दुसरं काही दिसलं नाही तरी मला पेन्सिल दिसते.

तिन्ही डब्यांच्या कोऱ्या बाजूवर, बरोबर मध्यावर, मोहरीएवढा एकेक ठिपका होता.

"हे तू केलंस?"

"छे! कालच नव्या डब्या आणल्या, हात पुसून हाताळतो मी."

असा ठिपका मी दोनच दिवसांपूर्वी पाहिला होता, शुक्रवारी उद्घाटनाच्या भाषणात, पडद्यावर, कासवाच्या अंड्यावर. घरटं सुरक्षित जागी हलवताना अंडं उलटलं तर आतला जीव मरतो. म्हणून उचलण्याआधी त्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने ठिपका करायचा आणि नव्या खड्ड्यात ठेवताना ठिपका वरच ठेवायचा.

ज्याने या डब्या उचलल्या, त्याला खालची नावं वाचायची होती. त्याने आधी प्रत्येकीवर ठिपका केला. गरज काहीच नव्हती. हाताला सवय होती.

३

शेठ बाहेर सभागृहात पहिल्या रांगेत बसले होते, शेजारी बायको, मुली, जावई, नातवंडं. फिल्म चारला, आणि हे लोक दीडलाच जागा धरून.

"या, ग्रंथपाल साहेब! चोराला भेटायला आलात ना? सगळे येऊन गेले, तुम्हीच राहिला होतात."

"मी तसं म्हणालो नाही."

"तुम्ही कधी काही म्हणालात? पंचवीस वर्षं पुस्तक परत करायला उशीर केला, एकदाही ओरडला नाहीत." ते हसले, मग त्यांनी आवाज खाली आणला. "त्या फिल्ममध्ये माझ्या जाळ्यात मेलेली कासवं आहेत, मला माहितीय. म्हणून मी ओरडलो. पण मला फिल्म बंदच पाडायची असती तर जनरेटर माझा आहे, तो बंद केला असता. ट्रंकेत हात घालून नावं कोण वाचत बसेल? आणि चष्म्याशिवाय मला माझी बोट दिसत नाही, तर चिठ्ठी काय दिसणार?"

"मग इतकी माणसं घेऊन का आलात?"

"नात म्हणाली, आजोबा, तुम्ही व्हिलन आहात ना, मला बघायचंय." त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला. "आता बघा, व्हिलनचाच सीन गेला."

मी हसलो नाही, पण त्यांचं बोलणं पटलं. त्या माणसाने आयुष्यात कासवाचं अंडं हातात घेतलं नव्हतं. उरले दोघं. एक दीर, जो वहिनीबरोबर घरटी हलवायला जायचा आणि जाळ्यांचं चित्रण दाखवलं गेलं तर ट्रॉलरवरून काढला गेला असता. दुसऱ्या डॉक्टरीणबाई. त्यांना फिल्म चोरायचं काहीच कारण नव्हतं.

म्हणजे दीरच. मला वाईट वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं, हे कबूल करतो. गरिबावर संशय घेणं किती सोपं असतं!

४

जाळेवाली आणि तिचा दीर बंदरावरच्या शेडमध्ये होते. स्वतःची फिल्म चोरीला गेली त्या दुपारी ती काय करत असेल, असा विचार करत मी गेलो, तर ती जाळंच दुरुस्त करत होती. दीर पलीकडे जाळ्याचं टोक पायाच्या अंगठ्यात धरून बसला होता.

"बसा काका, त्या डब्यावर बसा. नको, तो नको, त्याला डांबर आहे."

मी उभाच राहिलो आणि जे विचारायचं ते दीराला अगदी वेड्यासारखं विचारलं. "सकाळी ट्रंक तू उघडलीस का?"

दीराने अंगठ्यातलं जाळं सोडून दिलं. "मी? तीन वर्षं त्या कॅमेऱ्याची तिपाई माझ्या खांद्यावर होती, काका. वाळूत, पावसात. वहिनी पडली तर चालेल, कॅमेरा पडता कामा नये, असं हीच ओरडायची. आणि मी चोरीन?"

"शेठने नोकरीवरून काढलं असतं तर?"

"तर दुसऱ्या बोटीवर गेलो असतो. समुद्र काय शेठच्या सासऱ्याचा आहे?"

"भाऊजी, हळू बोला. काका आहेत ते," जाळेवाली म्हणाली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "पण तुम्हाला यांचा संशय का आला?"

मी खिशातून डबी काढून ठिपका दाखवला. "अंडी हलवणाऱ्याची सवय आहे ही. तुम्ही दोघं घरटी हलवता."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि दीर खो खो हसत सुटला. "ठिपका! वहिनी, ठिपका!"

"आम्ही कधी ठिपका केला, काका?" तीही हसत होती. "आम्ही पहाटे कासवाच्या मागेच बसलेलो असतो. तिने अंडी घातली की तासाभरात हलवून मोकळे. त्या वेळी अंडं कसंही फिरलं तरी चालतं. जीव वरच्या बाजूला चिकटतो तो नंतर. ठिपका करावा लागतो उशिरा येणाऱ्याला. कधी आमच्या नजरेतून एखादं घरटं सुटलं, तर सकाळी नऊला उन्हात…"

तिचं हसणं थांबलं. हातातली सुई जाळ्याच्या डोळ्यात तशीच राहिली.

"उन्हात कोण येतं?" मी विचारलं.

तिने सुई ओढून गाठ मारली. गाठीकडे बघतच म्हणाली, "फिल्म मी संस्थेच्या संगणकावर जोडली होती. काल दुपारी बाईंनी तो साफ केला. जागा उरली नव्हती म्हणे. म्हणजे आता कुठेच नाही ती." आणि मग, "पण तुम्ही पाहिलीत ना काका? तुमच्याकडे तीन दिवस होती. तुम्ही सगळी पाहिलीत."

५

आता सांगायला हवं.

ती डिस्क तीन दिवस माझ्या टेबलावर होती. मी वीस मिनिटं पाहिली. जाळी, बोटी, जाळ्यात अडकून मेलेली दोन कासवं, मग अंधारातली वाळू. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, डोळ्यांचा आजार आहे मला. उद्या पाहू म्हणून बंद केली. दुसऱ्या दिवशी एक चांगलं पुस्तक हाती लागलं. तिसऱ्या दिवशी डिस्क परत द्यायची होती. जाळेवालीने डिस्कबरोबर वहीच्या पानावर चार ओळी लिहून दिल्या होत्या. त्यातली एक ओळ मला इतकी आवडली की मी ती जशीच्या तशी पत्रिकेत घातली आणि खाली माझं नाव छापून आलं: 'निळ्या टपातले चार दिवस समुद्रापेक्षा लांब असतात.'

निळा टप म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, कविता आहे.

आणि ज्या माणसाने फिल्म पाहिली असं सगळं गाव समजतं, तो आता ते कुणाला विचारणार? जाळेवालीला तर नाहीच. शेडमधून निघालो आणि सरळ संस्थेच्या कार्यालयामागच्या पडवीत गेलो. रविवार होता, आणि सगळे सभागृहाकडे गेले होते.

टप तिथेच होता. प्लास्टिकचा, निळा, लहान मूल बसेल एवढा. त्यात वीतभर खारं पाणी. कोपऱ्यात कासवाची तीन पिल्लं तरंगत होती, दोन अजून हातपाय मारत होती. तिसऱ्याला मी बोट लावलं, ते हललं नाही.

भिंतीवर खडूचा फळा होता. 'घरटे चौदा. पिल्ले बाहेर आली: मंगळवार. संख्या: ब्याण्णव.' त्याखाली छापील फलक: 'पाहुण्यांसाठी पिल्ले समुद्रात सोडण्याचा कार्यक्रम. दर शनिवारी सायंकाळी साडेपाच.'

मंगळवार ते शनिवार; ही तीन कालच्या कार्यक्रमातून मागे राहिलेली असावीत. मी बोटांवर मोजलं, जरी मोजायची गरज नव्हती.

पिल्लू वाळूतून वर येतं ते एका दमाचं बळ घेऊन. त्या बळावर त्याने सरळ खोल समुद्र गाठायचा असतो. हेही मी पत्रिकेतच लिहिलं होतं, बाईंकडून ऐकून. ते बळ या टपात, भिंतीला धडका देत, चार दिवस खर्च होत होतं. मग शनिवारी पाहुणे टाळ्या वाजवायचे आणि थकलेली पिल्लं लाटेत जायची. पुढचं कुणाला दिसत नव्हतं.

पत्रिका छापखान्यातून एक दिवस उशिरा, शनिवारी सकाळी आली. बाईंनी ती माझ्यासमोर उघडून वाचली होती. वाचता वाचता त्या थांबल्या होत्या, आणि मला वाटलं होतं की माझी भाषा आवडली.

चोराला बातमी मीच दिली होती.

६

सव्वापाच वाजता मी रंगमंचामागच्या खोलीत गेलो. बाई आरशासमोर भाषणाचे कागद लावत होत्या. मी डबी त्यांच्यासमोर ठेवली, ठिपका वर करून.

त्यांनी ठिपक्यावरून अंगठा फिरवला. "पेन्सिल कुणाकडेही असते, काका."

"असते. पण अंड्यावर ठिपका करावा लागतो तो सकाळी नऊला येणाऱ्यालाच. आणि सुटलेली घरटी हलवायला उन्हात तुम्हीच येता."

त्या खुर्चीत बसल्या. एकदम वय दिसलं त्यांचं. "तुम्ही तसे गप्प असता. मला वाटलं, तुम्हाला काही दिसत नाही."

"डिस्क कुठे आहे?"

"धक्क्याखाली. पाण्यात. आता काढूनही उपयोग नाही."

"ऑपरेटरची आई अंथरुणात आहे, बाई."

"माहितीय मला. औषध मीच लिहून देते, जनावरांची डॉक्टर असून." त्यांनी कपाळ चोळलं. "मी इथे आले तेव्हा लोक अंडी टोपलीत घालून विकत होते. अठरा वर्षं झाली. राखणदार कशावर ठेवले मी? शनिवारच्या पाहुण्यांवर. पाहुणे मंगळवारी येत नाहीत, काका. जाळेवालीने दोनदा येऊन सांगितलं मला, पिल्लं लगेच सोडा म्हणून; मी म्हटलं, बघू. मला कळत नव्हतं असं समजू नका."

"मग आता मी समारोपात सांगेन," मी म्हणालो.

"काय सांगाल?"

"फिल्ममध्ये काय होतं ते."

"सांगा. मलाच आधी सांगा. टपाचं चित्रण किती वेळ आहे? मी दिसते का त्यात? बोलते का काही? मीसुद्धा पाहिलेली नाही, डिस्क हातात आली आणि सरळ धक्क्यावर गेले. तुम्ही सांगा."

मी उभा होतो. बाहेर खुर्च्या सरकत होत्या, कुणीतरी माईकवर फुंकर मारत होतं.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडलं. "काका! तुम्ही पाहिलीच नाही."

मी डबी उचलून परत खिशात टाकली.

"देवा!" त्या हसल्या. ते हसणं दुष्ट नव्हतं, दमलेलं होतं. "म्हणजे जगात एकच बाई आहे जिने ती पाहिली. आणि तिच्या शब्दाला साक्षीदार तुम्ही."

मग त्यांनी वाट काढली. वाट काढण्यात त्या हुशार होत्याच. ऑपरेटरचं नाव निघणार नाही, खाऱ्या हवेने डिस्क बिघडली असं त्या सांगतील. त्याची नोकरी राहील, खोल्या राहतील. मी फक्त नेहमीसारखं राहायचं.

"आणि टप?" मी विचारलं.

"बघू," बाई म्हणाल्या.

जाळेवालीला विचारायला हवं होतं. अजून अर्धा तास होता, बंदर लांब नव्हतं. मी म्हणालो, "ठीक आहे."

७

समारोप छान झाला. खाऱ्या हवेबद्दल बाई इतकं बोलल्या की लोक हळहळले. ऑपरेटर सगळ्यांसमोर रडला आणि नंतर माझ्या पाया पडायला आला, मी मागे सरलो. शेठची नात विचारत होती, आजोबांचा सीन कधी येणार?

मी मागच्या दाराने निघालो, तर पायरीवर जाळेवाली बसली होती. चांगलं पातळ नेसली होती, फिल्मसाठी नेसलेलं असावं.

"खाऱ्या हवेने गेली म्हणे," ती म्हणाली.

"ऑपरेटरची नोकरी जात होती."

"हो. बरं झालं ते." खरंच तसं वाटत असल्यासारखं म्हणाली. मग थोडी सरकून तिने मला जागा करून दिली. मी बसलो.

"काका, मी शिकलेली नाही फार. चित्रण बरं झालं होतं की नाही, मला कळत नाही. बघणारे तुम्ही एकटेच. आता दुसरं कुणी बघणारही नाही." ती पायरीवरची वाळू बोटाने गोळा करत होती. "आवडली होती का तुम्हाला?"

"फार," मी म्हणालो.

"शेवट?"

"शेवट तर…" मी शब्द शोधले. आयुष्यभर शब्दांत राहिलो, तेव्हा एकच वाक्य आठवलं. "निळ्या टपातले चार दिवस समुद्रापेक्षा लांब असतात, हे शेवटाला कळतं."

तिचं बोट थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं, अगदी शांतपणे, जाळ्यात तुटलेला धागा सापडल्यावर ती पाहते तसं.

"ते वाक्य मी लिहून दिलं होतं, काका," ती म्हणाली. "फिल्ममध्ये ते नाहीये."

ती उठली, पातळाला लागलेली वाळू झटकली आणि किनाऱ्याकडे चालू लागली. आत सभागृहात टाळ्या चालू होत्या.